लंगड्या बगळ्याचा ओळंबा

काकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. खिशातून वीतभर दांड्याची एक पितळी हातोडी काढली, माझ्या बरगड्यांवर दोनदा टकटक केली, मान तिरकी करून ऐकलं आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, पोकळ नाहीये हा. ठेवून घेऊ."

अशा रीतीने दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत, अल्फारेटात त्यांच्या तळघराचा भाडेकरू झालो. काका तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. तीस वर्षं त्यांनी जॉर्जियातले पूल तपासायची नोकरी केली होती. पूल तपासणारा माणूस पुलाला ठोकून बघतो. आवाज खणखणीत आला तर पूल निरोगी, भद्द आला तर आत काहीतरी बिघडलंय. नोकरी संपली पण हातोडी खिशातच राहिली. इंडियन ग्रोसरीत ते कलिंगडं ठोकायला लागले की त्यांच्यामागे आपापलं कलिंगड कडेवर घेऊन बायकांची रांग लागायची. गुजराती, तेलुगू, एकदा तर दोन कोरियन आज्यासुद्धा. ही रांग दुकानाच्या दारातून पार्किंगमध्ये आणि तिथून हायवेच्या एक्झिटपर्यंत जायची. मी वाढवून सांगतोय असं वाटेल. पण खरं वाढवलेलं अजून पुढे आहे, तिथे पोचलो की मी स्वतःच कबूल करीन.

त्यांची दुसरी खोड म्हणजे खुणा. घरातली एकही वस्तू त्यांनी बिनखुणेची ठेवली नव्हती. खुर्चीच्या पायावर पटाशीने कोरलेल्या तीन रेघा, आणि जमिनीवर ती खुर्ची जिथे ठेवायची तिथे पेन्सिलीच्या तीन रेघा. पाच रेघांचं झाकण पाच रेघांच्या डब्यावर. जोडीतली वस्तू असेल तर डावीच्या शेवटच्या रेघेला खाली एक छोटं तिरपं शेपूट. मी राहायला गेलो त्या आठवड्यातच माझ्या डाव्या चपलेला शेपूट फुटलं.

"काका, डावी चप्पल कुठली ते मला कळतं हो."

"आज कळतं. घाईत कळेल का?"

काकू शांतपणे पोळ्या लाटत म्हणाल्या, "अंतरपाट दूर झाला तेव्हा हे हार हातात धरून माझ्या कानामागे बघत होते. मी म्हटलं काय शोधताय, तर म्हणतात, तीच आहेस ना, खात्री करून घेतोय."

कुठल्याही वादात काकांचं एकच वाक्य असायचं: "खूण बघ, मग बोल." राजकारण असो, क्रिकेट असो, आमटीतलं मीठ असो. एकदा मी ऑफिसातला एक बग सापडत नाही म्हणून डोकं धरून बसलो होतो.

"तुमच्या त्या प्रोग्रॅममध्ये खुणा नसतात का रे भो?" त्यांनी विचारलं.

"असतात काका. कॉमेंट्स म्हणतात."

"तू लिहितोस?"

"वेळ मिळत नाही."

त्यांनी हातोडी काढून परत माझ्या बरगड्यांवर ठोकली आणि खिन्नपणे म्हणाले, "शेवटी पोकळच निघालास."

पण या खुणांची खरी करामत गणपतीत दिसायची. आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये बसायचा. शाळा हॉलची किल्ली सकाळी आठला द्यायची आणि नऊला आरती. त्या एका तासात काकांनी बनवलेलं लाकडी देऊळ उभं करायचं. त्याचे एकशे बारा तुकडे होते आणि सगळ्या देवळात एक खिळा नव्हता. काम चालू असताना गप्पांना मनाई. काका खूण पुकारणार, "सात शेपूट!" ज्याच्या हातात तो तुकडा असेल त्याने धावत येऊन उत्तर द्यायचं, "सात शेपूट आलं!" बस्स. पुण्या-मुंबई-नागपूरची आम्ही वीस पोरं. मीटिंग किती वाजता ठेवायची यावर एरवी आमचं तीन-तीन दिवस ईमेलयुद्ध चालायचं. पण चाळीस मिनिटांत देऊळ कळसासकट उभं. शाळेचा जॅनिटर पहिल्या वर्षी हातातला झाडू तसाच धरून बघत राहिला. दुसऱ्या वर्षी तो बायको-पोरांना दाखवायला घेऊन आला.

ही पुकारायची रीत काकांच्या वडिलांची. ते खानदेशातल्या एका गावचे सुतार. गावाला जुना सागवानी रथ होता. वर्षभर तो सुटा करून ठेवायचा आणि जत्रेच्या आदल्या दिवशी जोडायचा. प्रत्येक सांध्यावर कुणा पणजोबा-खापरपणजोबाने कोरलेल्या रेघा. काका इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आले ते गुंडाळी केलेलं ड्रॉइंग घेऊन. वडिलांना म्हणाले, रेघोट्या अडाण्यांसाठी असतात बाबा, या वर्षी मी जोडतो. वडील म्हणाले, जोड. काकांनी ड्रॉइंगप्रमाणे जोडला. एका ठिकाणी खुंटी भोकापर्यंत पोचेना, तर शेजारी गिरमिटाने नवीन भोक पाडलं आणि ठोकून बसवली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव दोर ओढत असताना भर गल्लीत रथ कलला आणि त्याचा कळस एका घराच्या पन्हळीत जाऊन अडकला.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग काय. बापाने रथ तिथेच गल्लीत सोडवला, खुणेबरहुकूम परत जोडला आणि पुढे काढला. मला एक शब्द बोलला नाही. मी पाडलेलं ते भोक तेवढं लिंबाच्या लाकडाची गुडदी मारून बुजवलं. त्याला तेल नाही, रंग नाही. काळ्याभोर सागवानात तो पांढरा ठिपका. दरवर्षी जत्रेला गेलो की आधी तोच दिसायचा. बोलला असता तर बरं झालं असतं रे. त्या ठिपक्याने मला दरवर्षी कानाखाली मारली."

काकूंचं मत होतं की काका अमेरिकेत शिकायला आलेच नव्हते, त्या ठिपक्यापासून पळून आले होते.

असा हा माणूस आणि त्याला भेटला लंगडा बगळा.

अल्फारेटापासून वीसेक मिनिटांवर एका छोट्या गावात जुन्या रस्त्याला एक इंग्लिश पब होता. पांढऱ्या भिंती, त्यात काळ्या लाकडांचा उभा-आडवा-तिरपा सांगाडा, शंकरपाळ्यांसारख्या काचांच्या खिडक्या आणि दारावर एका पायावर उभ्या बगळ्याची पाटी. नाव इंग्रजीत होतं, पण मंडळात सगळे त्याला लंगडा बगळाच म्हणत. पहिल्यांदा आम्ही तिथे गेलो ते एका मित्राच्या निरोपाच्या पार्टीला. माझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून काकांनी मला सोडलं. पार्किंगमध्येच ते हसायला लागले.

"नाटकाचा सेट आहे हा. इथले डेंटिस्टसुद्धा भिंतीवर काळ्या फळ्या चिकटवून इंग्लंड करतात. चल, आत्ता पोल खोलतो."

दार इतकं बुटकं की त्यांच्यासारख्या सव्वापाच फुटी माणसालाही वाकावं लागलं. आत शिरले, हातोडी काढली आणि दाराशेजारच्या खांबावर ठोकली.

खण्ण!

असा आवाज मी आजवर फक्त देवळातल्या घंटेचा ऐकलाय. काकांचं हसू गेलं. परत ठोकलं. दुसऱ्या खांबाला ठोकलं. तुळईकडे बघितलं. मग ते हळूच मागे सरले, उंबऱ्याबाहेर गेले, बूट काढले आणि मोज्यांवर परत आत आले.

बारमागून एक सत्तरीची, पांढऱ्या केसांची, ताठ बाई आली. मालकीण तीच. "सर, बूट घाला. हेल्थवाल्यांचा नियम आहे."

"हे ओक आहे," काका म्हणाले. "हे खरं आहे."

"मला माहीत आहे," बाई म्हणाली. "आता बूट घाला."

काकांनी बूट घातले आणि तिने गोष्ट सांगितली. पूर्व इंग्लंडमधल्या एका खेड्यात हा पब चारशे वर्षं उभा होता. सत्तरच्या दशकात तिथे रस्ता रुंद करायचा ठरला. तेव्हा तिच्या नवऱ्याने, जो त्याच गावचा आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे ठार वेडा होता, अख्खी इमारत सुटी केली, कंटेनरमध्ये भरली, जॉर्जियात आणली आणि इथले सुतार लावून परत जोडली. आता नवरा नव्हता, पब होता.

"अख्खा पब आणला?" काका बाहेर आल्यावर मला म्हणाले. "आपले लोक लोणच्याची बरणी आणताना कस्टममध्ये थरथर कापतात!"

त्यानंतर दर शनिवारी दुपारी काका बगळ्यात. दारूचा थेंब नाही. लिंबू पिळलेलं गरम पाणी आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी, त्यावर खिशातल्या पुडीतली काकूंची लसणाची चटणी. तिथली नेहमीची गिऱ्हाइकं म्हणजे भल्या थोरल्या पिकअप ट्रकवाले. त्यांनी आधी या माणसाकडे संशयाने पाहिलं. सहा महिन्यांत ते "इंजिनीअर, ती लाल पूड दे" म्हणून हात पुढे करायला लागले. त्यातला एक इतका प्रचंड होता की आम्ही त्याला भीम म्हणायचो. त्याने एकदा चिमटीऐवजी मूठभर चटणी खाल्ली. त्यानंतर तो जे ओरडला ते ऐकून अटलांटाच्या विमानतळावर विमानं उतरायची थांबली. हे मात्र वाढवलेलं आहे, कबूल.

काका त्या लोकांना खांब दाखवायचे. धूर, धूळ, पॉलिश यांच्या थराखाली बारीक कोरलेल्या रेघा होत्या. एक, दोन, तीन, चार. "हे बघा. त्या सुताराने आधी अंगणात आडवा टाकून सगळा सांगाडा जोडला, प्रत्येक सांध्यावर खूण केली, परत सोडवला आणि मग इथे... म्हणजे तिथे उभा केला. प्रत्येक सांधा हाताने कापलेला. या खांबाची कूस, म्हणजे टोकाची ही जीभ, दुसऱ्या खाचेत बसणार नाही." आणि मराठीत हळूच मला, "माझ्या बापाचा चुलतभाऊच की रे हा! चारशे वर्षं आणि दोन समुद्र मध्ये आहेत एवढंच."

एक गोष्ट मात्र काकांच्या जिवाला खात होती. बगळा कललेला होता. मागची भिंत चांगली अर्धा फूट डावीकडे झुकली होती. गिऱ्हाइकांना वाटायचं, जुन्या इमारती असायच्याच अशा, मजा आहे. जमिनीवर ठेवलेली गोटी आपोआप घरंगळायची. जमिनीच्या उताराला जुळावेत म्हणून नवऱ्याने हयात असताना झाडून सगळ्या टेबलांचे दोन-दोन पाय करवतीने आखूड केले होते. काका बसायचे ते मान वाकडी करून. "चारशे वर्षं सरळ उभं राहिलेलं घर समुद्र ओलांडला म्हणून वाकडं होत नाही. काहीतरी खूण चुकलीये." पण मागच्या भिंतीवर आतून लाकडी फळ्यांचं अस्तर होतं आणि त्यावर बाण मारायच्या खेळाची चकती. तिथे हात लावायची कुणाची टाप नव्हती.

मग दोन हजार पाचच्या वसंतात एक वादळ झालं आणि बगळा आणखी दोन बोटं झुकला. सोमवारी बांधकाम खात्याचा इन्स्पेक्टर आला, ओळंबा सोडून मोजलं आणि दारावर लाल कागद चिकटवला. इमारत धोकादायक. पब आजपासून बंद. तीस दिवसांत सुरक्षित असल्याचं सिद्ध करा, नाहीतर पाडा.

शनिवारी आम्ही गेलो तेव्हा बाई बंद पबात एकटी बसली होती. काकांचं गरम पाणी तिने तरीही आणून ठेवलं.

काकांनी विचारलं, "पाडलं तर इंग्लंडला जाल परत?"

"कुठे जाऊ?" ती म्हणाली. "आमचं गाव म्हणजे हाच पब होता. तिकडे याच्या जागेवर आता रस्ता आहे. मी माझं गाव इथे घेऊन आले, इंजिनीअर."

काका उठले, चकतीजवळ गेले आणि म्हणाले, "ही काढायची."

बाईने मान हलवली. निरोप गेला. दहा मिनिटांत चारपाच पिकअप येऊन उभे. चकती काढणार म्हणजे देव हलवणार. शेवटी भीमाने स्वतः ती उतरवली आणि तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून उभा राहिला. काकांनी अस्तराच्या दोन फळ्या सोडवल्या, टॉर्च मारला, चष्मा कपाळावर चढवला. उजव्या कोपऱ्यात खांब आणि तुळई यांच्यामध्ये एक तिरपा टेकू होता, हत्तीच्या सुळ्यासारखा किंचित वाकलेला. त्याच्यावर चार रेघा. आणि चौथ्या रेघेला खाली एक छोटं, तिरपं...

"शेपूट!" मी ओरडलो.

काका धावत डाव्या कोपऱ्यात. तिथली फळी काढली. चार रेघा. शेपूट नाही.

ते मटकन जमिनीवर बसले आणि इतके जोरात हसायला लागले की बाई पाणी घेऊन धावली. "डावी चप्पल उजव्या पायात! उजवी डाव्यात! तीस वर्षं बिचारा उलट्या चपला घालून उभा आहे!"

इथल्या सुतारांनी रेघा नीट मोजल्या होत्या. शेपूट म्हणजे त्यांना नुसता ओरखडा वाटला. अदलाबदल झालेले टेकू सांध्यात पूर्ण बसेनात, म्हणून त्यांनी फटीत पाचरी मारल्या. त्या पाचरी आता कुजून भुगा झाल्या होत्या. ओकला वाळवीचं एक भोकही नव्हतं. काकांनी चारी बाजूंनी ठोकून बघितलं. खण्ण, खण्ण, खण्ण.

इन्स्पेक्टर हा मिशीवाला, मोजकं बोलणारा गृहस्थ होता. त्याने खुणा बघितल्या, कागद बघितले, काकांचं इंजिनीअरचं लायसन्स बघितलं. "सही तुमची?"

"माझी."

"माणसं?"

"आहेत. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसवून ताजी ठेवली आहेत."

"मुदत संपायच्या आदल्या रविवारी मी येतो," तो म्हणाला. "सरळ दिसलं तर कागद काढीन. नाही तर सोमवारी मशीन येईल."

मंडळाच्या पोरांना ईमेल गेली. पहिलं उत्तर मुंबईच्या एकाचं: "काका, आम्ही एच-वनवर आहोत. कंपनी सोडून दुसरं काम केलं तर व्हिसा जाईल ना?"

काकांचं उत्तर: "पगार नाही. त्यामुळे हे काम नव्हे, सेवा. तरी भीती वाटत असेल तर सारखी कुरकुर करत राहा, म्हणजे कुणाला तुम्ही काम करताय असं वाटणार नाही. येताना आपापल्या डिकीतला जॅक आणा."

रविवारी सकाळी आठला बगळ्याच्या पार्किंगमध्ये एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच करड्या रंगाच्या एकोणीस गाड्या उभ्या होत्या. एका पूल-कंत्राटदाराकडून काकांनी दोन मोठे हायड्रॉलिक जॅक मागून आणले होते. आमचे एकोणीस छोटे, कुठे काही घसरलं तर आधाराला. सगळ्या जॅकवर अर्थातच रेघा. काकूंनी साबुदाणे वड्यांचा डोंगर आणला, बाईने सँडविचेसचा. भीमाची सेना तोंड वासून बघत होती.

"चार शेपूट!" काकांनी पुकारलं.

"चार शेपूट आलं!" आम्ही आठ जणांनी सुळा खांद्यावर घेतला.

मोठे जॅक चढायला लागले. कर्रर्र! चारशे वर्षांची इमारत अशी कण्हली की पार्किंगमधल्या सगळ्या कुत्र्यांनी सूर लावला. भिंतीवरचे चुन्याचे पापुद्रे गळायला लागले. एक एक इंच. बाईने डोळे मिटले. बगळ्याने मान उचलली, उचलली, उचलली आणि थांबला. सरळ! उजवा टेकू आपल्या जागी बसला, नमस्कार केल्यासारखा. आता फक्त डावा, म्हणजे शेपटीवाला.

तो बसेना.

फिरवून बघितला, हलकेच ठोकला. बोटभर लांब होत होता. जॅकवर सगळं घर तोललेलं, हात भरून आलेले, इन्स्पेक्टर दारात उभा राहून घड्याळाकडे बघतोय. पुण्याच्या एकाने लॅपटॉप उघडला. त्याने आठवडाभर जागून अख्ख्या सांगाड्याचं थ्रीडी मॉडेल केलं होतं. "काका, मॉडेलप्रमाणे टेकू पाऊण इंच जास्त आहे. तेवढा कापला की बसेल. शंभर टक्के."

"नक्की?"

"नक्की काका. मी तीनदा व्हेरिफाय केलंय."

एका जॅकने कुईऽ आवाज केला. "लवकर!" कोणीतरी ओरडलं. काकांनी करवत मागितली. मी ती त्यांच्या हातात दिली. हो, मीच दिली. त्यांनी करवतीची पात कुशीवर टेकवली आणि डोळा बारीक केला.

वड्यांच्या डब्यामागून काकूंचा आवाज आला. मोठा नाही, घरात हाक मारतात तेवढाच. "अहो. खूण बघा, मग बोला."

करवत थांबली. एकवीस जॅक, वीस मराठी, बारा पिकअपवाले, एक इंग्लिश बाई, एक इन्स्पेक्टर, सगळे खोळंबले. काकांनी करवत खाली ठेवली. टेकूवरच्या चार रेघांवरून बोट फिरवलं. मग समोरच्या उजव्या टेकूकडे बघितलं. त्याच्या रेघा खोलीकडे तोंड करून होत्या. खांबांच्या रेघा खोलीकडे. तुळईच्याही. आणि आमच्या खांद्यावरच्या सुळ्याच्या रेघा भिंतीकडे.

"पाठमोरा धरलाय रे गाढवांनो!" काका किंचाळले, आणि त्या किंचाळीत इतका आनंद होता की शिवी खाऊन आम्हीच ओरडायला लागलो. "खुणा सगळ्या एकाच तोंडाला असतात! उलटा करा! वाक बाहेर, खूण आत! चार शेपूट!"

"चार शेपूट!" या वेळी भीमही ओरडला. मराठीत. तो आमच्या खांद्याला खांदा लावून घुसला, टेकू फिरला, कूस खाचेपाशी आली, काकांनी हातोडीने, त्याच त्या खिशातल्या पितळी हातोडीने, एकदा टक केलं. आणि पाय जुन्या चपलेत सरकतो तसा तो सुळा आत सरकला. खुंटीची दोन्ही भोकं समोरासमोर. त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

"चार शेपूट आलं!" आम्ही ओरडलो आणि त्या आवाजाने शंकरपाळ्यांच्या सगळ्या काचा वाजल्या.

काकांनी खुंटी ठोकली. जॅक उतरवले. मग इन्स्पेक्टर पुढे आला, तुळईला दोरा बांधला आणि ओळंबा सोडला. ओळंबा हलत राहिला, डावीकडे, उजवीकडे. तो थांबेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. भीम निळा पडायला लागला होता. शेवटी ओळंबा थांबला. खांबापासून दोऱ्याचं अंतर वर जितकं, खाली तितकंच. इन्स्पेक्टरने मिशीवरून हात फिरवला, डोक्यावरची टोपी काढली, दारापाशी गेला आणि लाल कागद एका झटक्यात ओढून काढला. जाताना त्याने साबुदाण्याचे सहा वडे नेले.

त्या संध्याकाळी काय झालं ते मी शपथेवर सांगतो आणि ते अजिबात वाढवलेलं नाही. तीस वर्षं कललेल्या जमिनीवर तोल सावरत प्यायलेली ती माणसं, सरळ जमिनीवर धडाधड उजवीकडे पडायला लागली. भीम तीनदा पडला. बिअर प्यायच्या आधी.

आणि टेबलं! दोन-दोन पाय आखूड असलेली ती टेबलं आता सपाट जमिनीवर लंगडायला लागली. काका पुढचे चार शनिवार तिथे पोतडी घेऊन बसले. एकेका टेबलाला ओकचे तुकडे जोडून पाय सरळ केले, प्रत्येक पायावर रेघा कोरल्या. मी त्यांच्याबरोबर होतो. शेवटचं टेबल राहिलं ते खिडकीजवळचं, त्यांचं स्वतःचं. मी तुकडा पुढे केला.

"ते राहू दे," काका म्हणाले.

मला वाटलं दमले. पण पुढच्या शनिवारीही त्यांनी त्याला हात लावला नाही, आणि त्याच्या पुढच्याही. वाकड्या तोंडाचा माणूस पाहिला तरी ज्यांची मान दुखायची ते काका, त्या लंगड्या टेबलावर एका हाताने ग्लास धरून बसायचे आणि दुसऱ्या हाताने फोडी खायचे. मी दोन हजार सातला दुसऱ्या नोकरीसाठी प्लेनोला गेलो, त्याच्या आधीच्या शनिवारी न राहवून विचारलं. "काका, अख्खी इमारत सरळ केलीत, हे एकच का वाकडं ठेवलंत?"

त्यांनी ग्लास सोडला. तो हळूहळू घसरत कडेपर्यंत गेला. त्यांनी तो बरोबर कडेवर झेलला, लहान मुलाशी खेळावं तसा.

"पुढे कधीतरी कुणीतरी हे परत सोडवेल रे भो. परत जोडेल. त्याला कळायला नको, चूक कुठल्या बाजूला झाली होती? चुकीची पण खूण ठेवावी लागते." मग चटणीची पुडी उलगडता उलगडता म्हणाले, "आणि मी गाढव. चाळीस वर्षं समजत होतो, तो पांढरा ठिपका बापाने मला मारायला ठेवलाय."

बाई नवीन फोडी घेऊन आली. काकांनी मला खाली वाकायला सांगितलं. टेबलाच्या आखूड पायावर आतल्या बाजूला ओकमध्ये बोटाच्या पेराएवढी एक गुडदी मारलेली होती, कुठल्या तरी फिकट लाकडाची. तिला तेल लावलेलं नव्हतं आणि रंगही.